‘मिस बेनेट’ म्हणजे नेमकी कोण?

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ सालची कादंबरी प्रथमच वाचायला घेतलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, बेनेटांच्या पाच मुलींपैकी ‘मिस बेनेट’ हे संबोधन बहुधा जेनसाठी, पण मध्येच एलिझाबेथसाठीही का येते, आणि हा छपाईतला घोळ तर नव्हे ना?

घोळ नाही, तो त्या काळचा रीतसर संकेत आहे. घरातल्या थोरल्या अविवाहित मुलीला नुसत्या आडनावाने ‘मिस बेनेट’ म्हणायचे आणि तिच्या पाठच्या बहिणींना नाव लावून ‘मिस एलिझाबेथ’, ‘मिस मेरी’ असे म्हणायचे. म्हणूनच बेनेटांच्या लाँगबर्न या घरी मागणी घालताना त्यांचा नातेवाईक कॉलिन्स एलिझाबेथला ‘मिस एलिझाबेथ’ म्हणतो. पुढे जेन लंडनला असताना बहिणींपैकी एकटी एलिझाबेथ लेडी कॅथरीन डी बर्ग या श्रीमंत बाईंच्या रोझिंग्ज या वाड्यावर जाते, तेव्हा लेडी कॅथरीन मात्र तिला ‘मिस बेनेट’ म्हणून गाण्यावाजवण्याबद्दल विचारतात, कारण तिथे हजर असलेल्या बेनेट भगिनींत थोरली तीच असते.

हा मान वयाचा असला, तरी लग्न त्याच्यावर मात करते. धाकटी लिडिया विकहॅम या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते आणि त्याच्याशी लग्न करून माहेरी येते, तेव्हा जेवणघरात जाताना ती मुद्दाम आईच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहते आणि आता तुझी जागा माझी, तू मागे हो, असे जेनला सगळ्यांदेखत सुनावते. पहिल्या वाचनात हा प्रसंग नुसता पोरकटपणा वाटतो. संकेत ठाऊक असला की, पळून जाऊन घराण्याची अब्रू धोक्यात आणणारी मुलगीच मानाची पायरी चढते आहे, हा त्यातला बोचरा विनोद कळतो.

मराठीत ‘अहो’ आणि ‘अगं’ जे काम करतात, ते या कादंबरीत नावांच्या अशा रूपांवर सोपवलेले आहे, कारण त्या काळच्या नेहमीच्या इंग्रजी बोलण्यात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नव्हता. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणते, इकडे कान ठेवून वाचावे. घरात ‘लिझी’ असलेली एलिझाबेथ मैत्रीण शार्लटच्या तोंडी ‘एलायझा’ होते, त्यात आपलेपणा आहे. तेच नाव एलिझाबेथला कमी लेखणारी मिस बिंग्ली ‘मिस एलायझा बेनेट’ असे घोळवून उच्चारते, तेव्हा मात्र ते टोचते.

‘लेडी’ या उपपदाचेही तसेच आहे, म्हणून तेही इथेच सांगतो. शार्लटचे वडील सर विल्यम लुकस यांना ‘सर’ हा किताब मिळालेला असल्याने त्यांची पत्नी आडनावाने ‘लेडी लुकस’ होते. लेडी कॅथरीन अर्लच्या (वरच्या दर्जाच्या उमरावाच्या) कन्या असल्याने त्यांचा मान जन्माचा, म्हणून तो त्यांच्या स्वतःच्या नावामागे लागतो. मराठीत लिहितानाही ‘लेडी कॅथरीन’ असेच लिहावे. ‘लेडी डी बर्ग’ असे लिहिले, तर तो मान त्यांच्या पतीचा, सर लुईस यांचा होईल.