गेममधली काही पात्रं वर्षानुवर्षं लक्षात राहतात, ती कशामुळे?

तुम्ही विचारलंय ते असं: मित्रासोबत मोबाइल गेम करताय. नायक नदीकाठचा मुलगा आहे, पुरात घर गेलेला, पाण्याला घाबरणारा. चित्र देखणं झालंय, त्याची बालपणापासूनची कथाही लिहून तयार आहे. तरीही ज्यांना खेळायला दिला त्यांना गेम आठवतो, पोरगा आठवत नाही.

मी सांगलीत अ‍ॅनिमेशन शिकवतो, रोज हेच बघतो, म्हणून सरळ सांगतो. खेळणाऱ्याला पात्राचा इतिहास फार उशिरा कळतो, आधी कळते त्याची मर्जी. बटण दाबल्यावर ते किती ऐकतं, कसं ऐकतं, आणि आपण काहीच केलं नाही तर काय करतं, यातून पात्र उभं राहतं. स्वतःची मर्जीच नसेल तर कितीही सुंदर काढा, तो नुसता कर्सर, पडद्यावर सरकणारा बाण.

मारिओ घ्या. कॅसेटचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी किंवा शेजारी होता त्या सगळ्यांना तो माहीत आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतो यांच्याकडे तो काढायला जेमतेम सोळा बाय सोळा ठिपके होते. एवढ्यात तोंड दिसेना म्हणून मोठं नाक आणि मिशी, केस दाखवणं जमेना म्हणून टोपी, पळताना हात उठून दिसावेत म्हणून शर्टाहून वेगळ्या रंगाची पट्ट्यांची पँट. हा किस्सा सगळे सांगतात आणि खराही आहे, पण मारिओ आवडण्याचं कारण माझ्या मते १९८५ च्या गेममध्ये आहे. जोरात पळवून एकदम उलटं वळवा, तो लगेच वळत नाही. थोडा घसरतो, मग वळतो. त्याला वजन आहे हे त्या घसरण्यातून बोटांना कळतं. लहान मुलं खेळताना बघा, मारिओने उडी मारली की रिमोटसकट स्वतःचे हातही वर उचलतात.

रिमोट ठेवून चहा प्यायला गेलात की तो काय करतो, हेही महत्त्वाचं. १९९१ च्या गेममधला नायक सॉनिक तुमच्याकडे बघत पाय आपटायला लागतो. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये मारिओ बसतो आणि झोपून जातो. यात कथा पुढे सरकत नाही, काम फुकट वाटतं, आणि म्हणूनच नवखे लोक ते सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात आधी हेच करावं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा नायक. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून हा माणूस तयार केला. त्याचं नाक-डोळे धड दिसत नाहीत. पण तो कडेला बोटांनी लटकतो, अंग वर ओढून घेतो, तेव्हा आपलेच खांदे दुखतात. पळताना थांबवला तर दोन पावलं पुढे जाऊन थांबतो, आणि तेवढ्यात खड्डा असेल तर गेला. त्यामुळे थोड्याच वेळात आपण त्याच्या अंदाजाने विचार करायला लागतो.

त्याच गेममधली सावली तर अजून भारी. 'अ‍ॅपल टू' संगणकाच्या मेमरीत नवा शत्रू मावत नव्हता, म्हणून नायकाचीच चित्रं पुन्हा वापरून ती केली. आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते. पुढे आपल्याला हवं ते औषध आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते, ऐनवेळी दार लावून घेते. शेवटी समोर येते तेव्हा तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो. तलवार म्यान करून पुढे चालत गेलं की दोघं एक होतात. तिच्या तोंडी एक शब्दही नाही, आणि तरी ती इतक्या वर्षांनी आठवते, कारण ती काय करते ते पक्कं ठरलेलं आहे.

१९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये तोरू इवातानी यांनी हेच चार भुतांवर केलं. आकार चौघांचा एकच, फरक रंगाचा आणि स्वभावाचा. लाल सरळ मागे लागतं, गुलाबी तुम्ही पुढे जिथे पोचाल तिथे गाठायला बघतं, नारिंगी जवळ येतं आणि ऐनवेळी आपल्या कोपऱ्याकडे पळतं. कोडच्या थोड्या ओळींचा हा खेळ आहे, पण खेळणारा "हे नारिंगी भित्रं आहे" असं माणसासारखं बोलतो.

आमच्या सांगलीला नाटकाचं वेड जुनं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' उभं केलं. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्याला नटाचा चेहरा नीट दिसत नाही, तो नटाला चालीवरून ओळखतो. मोबाइलवर नखाएवढं पात्र बघणारा खेळाडू कायम त्या मागच्या रांगेतच बसलेला असतो. मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने मार्केट यार्डातल्या हमालावर छोटा गेम केला होता. हळदीचं पोतं उचलायचं, वाटेतले टेम्पो आणि सौद्याची गर्दी चुकवत ट्रकपर्यंत न्यायचं. हमाल फार छान काढलेला: डोक्याला फडकं, कमरेला हुक, हळदीने पिवळे झालेले हात. पण पोतं पाठीवर असो वा नसो, चाल एकच. मी तिला सकाळी यार्डात जाऊन नुसतं बघत बसायला सांगितलं. तिने टिपून आणलं ते असं: ओझं आलं की पावलं लहान आणि भरभर पडतात, मान एका बाजूला जाते, आणि माणूस मध्येच थांबायला बघत नाही, कारण थांबून पुन्हा चालू लागणं जास्त जड. तिने तेवढंच गेममध्ये आणलं. पोतं असताना तो थांबायचं बटण जरा उशिराने ऐकतो. पोतं टाकल्यावर धोतराला हात पुसतो, आणि हात पिवळेच राहतात. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं ओरडत होती, "अरे, अण्णाला टेम्पोने उडवलं!" अण्णा हे नाव तिने गेममध्ये कुठेच दिलेलं नव्हतं.

निर्जीव वस्तूचंही असं होतं. २००७ च्या 'पोर्टल'मध्ये एक खोकं पूर्ण लेव्हलभर सोबत न्यायचं असतं. चाचणीच्या वेळी खेळणारे ते मागेच विसरून पुढे जायचे, म्हणून बनवणाऱ्यांनी त्यावर गुलाबी बदाम काढला आणि त्याला सोबती म्हणवलं. नंतर ते भट्टीत टाकायची वेळ येते आणि लोकांचा जीव होत नाही. ज्याला आपण इतका वेळ सांभाळलं त्याची माया लागतेच.

संवादांबद्दल थोडक्यात. भारदस्त वाक्यांपेक्षा सवयी टिकतात. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'चा आर्थर मॉर्गन दांडगा गुंड आहे, पण फुरसत मिळाली की वहीत पक्षी-प्राण्यांची चित्रं काढतो. ती वही उघडून बघा, मग त्याला कुणी वाईट म्हटलेलं तुम्हाला सहन होणार नाही. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी'. भावाला शोधायला निघालेली ही मुलगी डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी आहे, आणि ते तिच्या लढण्यात दिसतं: खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून पळत जाते. तिचा धंदा तुम्हाला कुणी सांगावा लागत नाही. आपल्या मातीतलं पात्र असं हातात आलं की मला मनापासून आनंद होतो.

आता तुमचा पोरगा. तो पाण्याला घाबरतो हे कथेत लिहिलंय, पण बटणात कुठे आहे? पाण्याजवळ त्याची चाल आवरती करा. आपण काही केलं नाही तर तो पाण्याकडे पाठ करून बसू दे. ओढ्यावरून उडी मारायच्या आधी एक पाऊल मागे घेऊ दे. पुढे गेम सरकेल तसं ते मागचं पाऊल हळूहळू कमी करा आणि त्याबद्दल पडद्यावर एक अक्षरही लिहू नका. पुराची कथा तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर सांगा, तोवर ती ऐकायची इच्छा झालेली असेल.

फक्त एक जपा. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मधला घोडा मुद्दाम लगेच ऐकत नाही. मला तो खऱ्या घोड्यासारखा वाटतो, पण काहीजण त्याला वैतागतातही. म्हणून बटण दाबताक्षणी पोराच्या अंगात काहीतरी हललंच पाहिजे: खांदा आखडेल, टाच मागे जाईल, मान वळेल. उडी त्यानंतर थोडी उशिरा आली तरी चालते. अंग स्तब्ध राहिलं आणि उडी उशिरा आली, तर खेळणारा म्हणेल गेम अडकतोय, आणि फोनमधून काढून टाकेल.