लांडग्याचे कपडे कोठे आहेत?

प्रश्न : मी एक रहस्यमय प्रेमकादंबरी लिहीत आहे. नायक लांडग्याचे रूप घेतो आणि नायिका चेटकीण आहे. माझ्या मैत्रिणींनी कच्चा खर्डा वाचला, तेव्हा नायकाचे गुपित त्यांनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखले. नायिकेला मंत्र येत असताना ती संकटातून चुटकीसरशी का सुटत नाही, असेही त्यांनी विचारले. उत्कंठा कशी टिकवावी?

उत्तर : गुपित ओळखले गेले याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण अशी कादंबरी हाती घेणारा वाचक ते निम्मे ओळखूनच आत शिरतो. मारी द फ्रान्स या कवयित्रीने बाराव्या शतकात रचलेल्या ‘बिस्क्लाव्हरे’ या कथाकाव्यात नायक आठवड्यातील तीन दिवस लांडगा होऊन रानात राहतो, हे आरंभीच उघड होते. पत्नी लाडीगोडी लावून त्याच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेते : उतरवलेले कपडे परत मिळाले नाहीत, तर त्याला माणूस होता येणार नाही. ती ते कपडे आपल्यावर अनुरक्त असलेल्या एका सरदाराकरवी पळवते. तेथून पुढे प्रश्न एवढाच उरतो, की हा लांडगा माणूस आहे हे कोणाला आणि कसे उमगेल. आपल्या नायकाचे ‘कपडे’ कोणते, ते आधी ठरवा आणि त्यांचा ठावठिकाणा त्याने प्रेमापोटी नायिकेला सांगावा, म्हणजे प्रेम आणि धोका वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून द्यावे लागणार नाहीत.

मैत्रिणींची दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. अपुलेयस या लॅटिन लेखकाच्या दुसऱ्या शतकातील कादंबरीत लुसियसला पक्षी व्हायचे असते, परंतु त्याची प्रेयसी फोटिस घाईत चेटकिणीच्या लेपाची चुकीची डबी आणते आणि तो गाढव होतो. उतारा अगदी साधा आहे, गुलाबाची फुले खाणे. तरीही, दरोडेखोर त्याला हाकून नेत असताना वाटेत गुलाब दिसताच त्याला दुसरेच भय पडते : दरोडेखोरांसमोर एकाएकी माणूस झालो, तर ते जिवंत सोडणार नाहीत. मंत्राची शक्ती कमी न करताही तो वापरणे अवघड करता येते, ते असे. नायिकेच्या मंत्राने नायक वाचेल, पण त्याच क्षणी तिचे चेटूक गावासमोर उघडे पडेल, अशी जागा आपल्या खर्ड्यात आहे का? नसल्यास ती शेवटच्या प्रकरणासाठी राखून न ठेवता मध्यावर आणा.