बयाणा देऊ नका, शिरगावला जाऊन या

पत्र पहिलं

आदरणीय मॅडम, मी हर्णै बंदरातला. स्वतःची लहान बोट आहे, सध्या बंदीमुळे वर ओढलेली. मुलगी बारावी सायन्स ७४ टक्क्यांनी पास झाली. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे विषय चारही होते, पण सीईटी तिने पीसीबीची, म्हणजे गणित सोडून उरलेल्या तिघांची दिली. गेले काही दिवस पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावाने रोज फोन येतो. कॉम्प्युटरच्या शेवटच्या जागा उरल्यात, २५ हजार भरून सीट पक्की करा, असं सांगतात. मुलगी म्हणते, मला रत्नागिरीला फिशरीज कॉलेजला जायचंय. माझं सगळं आयुष्य मासळीत गेलं, तिचंही त्यातच जावं का? आणि मासे धरायला डिग्री कशाला लागते? आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. काय करू?
– एक पालक, हर्णै

उत्तर

पहिलं काम म्हणजे त्या फोनवाल्याला एक पैसाही देऊ नका. तुमच्या पत्रातच त्याचं कारण आहे. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या कॅपमधल्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या, जागा सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाच्या गुणांवर भरतात. तुमच्या मुलीने पीसीबी दिली आहे. कुठली सीईटी दिली, हे त्या माणसाने तुम्हाला एकदा तरी विचारलं का? त्याच्याकडे जी जागा आहे ती कॅपच्या बाहेरची, संस्थेच्या पातळीवर भरली जाणारी. ती बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. पण तिची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाईल, चारही वर्षं.

आता दुसरी बाजू बघा. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. कृषी आणि मत्स्य शाखा त्या निर्णयात आहेत. २५ हजारांचा बयाणा देऊन तुम्ही ही माफीच गमावणार होतात. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र यात धरलेला नाही, तो तुम्हालाच उभा करावा लागेल.

कागद आजच काढा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त वेळ जातो तो जात पडताळणीच्या प्रमाणपत्राला. त्याचा अर्ज अजून केला नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो आधी करा. चांगले गुण असलेल्या मुलींना या एका कागदासाठी धावाधाव करताना मी दर वर्षी पाहिलं आहे. आणि कुठल्याही कॉलेजने मूळ मार्कलिस्ट ‘आमच्याकडे ठेवा’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. मूळ कागद पडताळून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे.

आता शिरगाव. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, ते तुमच्या रोजच्या ओळखीचं. त्याचंच मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. बी. एफ. एस्सी. ही चार वर्षांची पदवी. मासे धरणं हा त्यातला एक भाग झाला. कोळंबीचं बीज तयार करणं, तलावातलं पाणी तपासणं, माशांचे रोग ओळखणं, मासळी गोठवणं, टिकवणं, तिची प्रत ठरवणं, हा सगळा अभ्यास त्यात येतो.

हर्णैच्या लिलावात तुम्ही उभे राहता. बर्फ कमी पडला तर तीच मासळी संध्याकाळपर्यंत कशी उतरते आणि भाव कुणाच्या हातात जातो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. भारतातून बाहेर जाणाऱ्या मासळीत सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आहे. आपण ज्या राणी माशाला फारशी किंमत देत नाही, त्याचा लगदा सुरिमी नावाने परदेशी जातो आणि तो करणारा कारखाना रत्नागिरीत आहे. समुद्रावर घाम तुमच्यासारख्यांचा पडतो. पण मासळी किनाऱ्याला लागल्यानंतर तिची किंमत ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कोळीवाड्यातली मुलं फारशी दिसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमची मुलगी तिथे बसायचं म्हणते आहे. तुम्ही जे आयुष्य काढलंत तेच ती पुन्हा काढणार, असं यात कुठेही नाही.

नोकरीची हमी मी देणार नाही. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा निघतात, पण कधी निघतील ते सांगता येत नाही. प्रक्रिया कारखाने, हॅचरी (मत्स्यबीज केंद्रं), बँका, पुढे एम. एफ. एस्सी. असे रस्ते आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोकण सोडावं लागेल, आंध्र-गुजरातपर्यंतही जावं लागेल. हे तिला आत्ताच सांगा.

आणि निर्णय घेण्याआधी दोघं जाऊन या. बोटी १ ऑगस्टला पाण्यात जातील, तोवर तुम्हालाही सवड आहे. प्रवेशाच्या गर्दीचा दिवस टाळा, साध्या कामाच्या दिवशी जा. वरच्या वर्गातली मुलं भेटतील तिथे थांबा आणि त्यांना विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतात का? शेवटच्या वर्षी प्रशिक्षणाला कुठे पाठवतात? मागच्या बॅचमधली मुलं आज काय करतात? मुलींच्या हॉस्टेलला पाणी किती वाजता येतं, हेसुद्धा विचारा. मुलं खरं सांगतात. कॉलेज कुठलंही असो, त्याची पारख अशीच करावी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघायला हरकत नाही, पण ती सगळ्या कॉलेजला मिळून असते. तुमच्या मुलीचा विभाग कसा आहे, तिथे पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, ते ‘ए प्लस’ वाचून कळत नाही.

मुलीला मात्र एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा: शिरगाव तुला हवंय, की घरापासून फार लांब नको म्हणून शिरगाव? दुसरं कारण असेल तर पुन्हा बोलायला बसा.

पत्र दुसरं

मॅडम, माझा मुलगा बी. कॉम.ला जातोय. कॉलेजात म्हणाले की डिग्री आता चार वर्षांची झाली. एक वर्ष वाढलं का?
– एक आई, कुडाळ

उत्तर

सक्तीने वाढलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षानंतर नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी मिळते आणि पुढचं एम. कॉम. एका वर्षात होऊ शकतं. चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं, तेव्हा त्याच कॉलेजात आहे का हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

पत्र तिसरं

मॅडम, मी राजापूर तालुक्यातल्या गावातून एसटीने कॉलेजला येते. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. सकाळची गाडी चुकली की पहिला तास जातो, चारची गाडी पकडायची म्हणून लेक्चर संपलं की स्टँड. मैत्रिणी मुंबईला गेल्या, त्यांचे फोटो बघून वाटतं की मी चुकीच्या कॉलेजात अडकले. इथे राहून काही होईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर

बाळ, मी सगळी नोकरी कोकणातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली, म्हणून तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकायला राजापूरसारखी जागा मुंबईच्या मुलीला कुठून मिळणार? तुमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, पाऊस सुरू झाला की कातळातल्या वीतभर मातीत जी फुलं उगवतात, त्यातली काही उत्तर पश्चिम घाट आणि कोकणच्या कातळाखेरीज कुठेच सापडत नाहीत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून आहेत. ती बघायला लोक लांबून येतात. त्याच कातळावर काय उगवतं, कधी उगवतं, गुरं काय खातात, याची नोंद ठेवणारं माणूस तुझ्या वर्गात कुणी आहे का? तू हो. एक सडा धर, त्यातला एक तुकडा आखून घे आणि जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला त्याच जागी जा. वही, पेन आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं पुरे. झाड उपटू नकोस.

ती वही घेऊन विभागातल्या शिक्षकांकडे जा. त्यातून विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प उभा राहतो. छोट्या कॉलेजात एका वर्गात मुलं थोडी असतात, शिक्षक तुला नावाने ओळखतात. मोठ्या शहरात ही गोष्ट सहजी मिळत नाही.

चारच्या गाडीचं काय? आठवड्यातला एक दिवस ठरव आणि त्या दिवशी शेवटच्या गाडीने घरी जा. आईला आधी सांगून ठेव. तो वेळ ग्रंथालयाचा. सगळे दिवस शक्य नाहीत, रात्रीचा रस्ता आणि पाऊस मला माहीत आहे. घरी नेटवर्क धरत नसेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या वायफायवर केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ संकेतस्थळावरचे व्हिडिओ उतरवून घे. तिथे आयआयटीच्या आणि इतर मोठ्या संस्थांच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत. पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच.

एम. एस्सी.ला मोठ्या संस्थेत जायचं मनात असेल तर तिसऱ्या वर्षी जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम. एस्सी.ची प्रवेश परीक्षा देता येते. त्यातला जीवतंत्रज्ञानाचा पेपर तुझ्या जवळचा आहे, पण त्यात रसायन, गणित आणि भौतिकही येतं, तेव्हा बारावीची पुस्तकं रद्दीत देऊ नकोस. त्याआधी, याच वर्षी, देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज कर. निवड झाली तर दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते लिहिताना तुझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे असायला हवं, म्हणून सड्याची वही दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना दाखव.