ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह, तरी इओसिनोफिल वाढलेले. मग माझा दमा कसला?

तुम्ही लिहिलंय की ४३व्या वर्षी दमा निघाला, ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह, आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) नॉर्मल, आणि इओसिनोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, मात्र ६८०. ॲलर्जीच नाही तर हे वाढले कशाने, असा तुमचा प्रश्न आहे. रिपोर्ट चुकलाय असं धरून बसू नका. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज रक्ताच्या स्लाइड बघते. लीशमन स्टेन केलेल्या स्लाइडवर इओसिनोफिल लगेच ओळखू येतो: चष्म्याच्या दोन भिंगांसारखं दोन खणांचं केंद्रक आणि भोवती खच्चून भरलेले नारिंगी-गुलाबी दाणे. त्या दाण्यांतली प्रथिनं जंतांना मारण्याच्या कामाची. तीच श्वासनलिकेत सांडली की आपलंच अस्तर सोलून काढतात.

इओसिनोफिल वाढवण्याचा हुकूम मुख्यतः आयएल-५ या रसायनाचा. बरीच वर्षं समज असा होता की तो मुख्यतः टी पेशी (एकेक शत्रू ओळखायला शिकणाऱ्या पांढऱ्या पेशी) देतात, तेही परागकण किंवा धुळीतले किडे 'ओळखीचे' झाल्यावर. २०१०च्या सुमारास उंदरांमध्ये वेगळ्याच पेशी सापडल्या, आज त्यांना आयएलसी-२ म्हणतात. या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्यांना कुठलाही परागकण ओळखता येत नाही, आणि त्याची गरजही नसते. धुराने, व्हायरसने श्वासनलिकेचं अस्तर दुखावलं की ते टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे निरोप सोडतं. ते मिळताच या पेशी आयएल-५ आणि आयएल-१३ ओतायला लागतात. पहिल्याने इओसिनोफिल वाढतात, दुसऱ्याने चिकट कफ. या वाटेत आयजीई लागतच नाही, म्हणून तुमची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

मोठेपणी सुरू होणाऱ्या अशा दम्यात नाकात मांस वाढणं, वास न येणं हे बरेचदा सोबत असतं. ॲस्पिरिन किंवा दुसरी वेदनाशामक गोळी घेतल्यावर कधी दम लागला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दम्याचा दुसरा गट न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. तो सिगारेट ओढणाऱ्यांत, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्यांत जास्त दिसतो आणि स्टेरॉइडला नीट दाद देत नाही. स्टेरॉइडने इओसिनोफिल मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त जगतात. तुमचा आकडा बघता तुम्ही बहुधा या गटात नाही.

प्रकार ओळखण्याने काय फरक पडतो हे मला मेपोलिझुमॅबवरून पटलं. हे औषध आयएल-५ला अडवतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याचे रुग्ण इओसिनोफिल न बघता घेतले होते, आणि म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी इओसिनोफिल वाढलेले, उपचारांना दाद न देणारे ६१ रुग्णच निवडले. नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांना वर्षभरात सरासरी ३.४ झटके आले, खरं औषध मिळालेल्यांना २. औषध तेच, निवड बदलली. त्या निवडीमागे मायक्रोस्कोपखाली कफ बघून कुणीतरी पेशी मोजल्या होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

लगेच अशा महागड्या इंजेक्शनांच्या मागे लागू नका. इओसिनोफिलच्या दम्यावर स्टेरॉइडचा पंप सहसा चांगला लागू पडतो, तो रोज आणि नीट तंत्राने घ्या. आपल्याकडे इओसिनोफिल जंतांनीही वाढतात, हत्तीरोगाच्या जंतूंनीही. शौचाची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याआधी. गोळ्या चालू असताना काउंट खाली येतो, म्हणून पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा कुठली गोळी किती दिवस चालू आहे ते फॉर्मवर लिहा. आम्हाला ते सहसा कुणी सांगतच नाही.