विहीर माझी, पाणी नदीचं

प्रश्न : आमचं शेत एका छोट्या नदीच्या काठी आहे. नदीचा हा टप्पा संरक्षित असल्यामुळे प्रवाह ठरावीक पातळीखाली उतरला की पंप बंद ठेवावा लागतो, तोही नेमका पिकाला पाणी हवं असतं तेव्हा. वर्षभरात नदीतून जेवढं वाहून जातं, त्यापुढे आमचा उपसा चिमूटभर. म्हणून आता काठापासून साठ मीटरवर विहीर घेतली आहे. तिला हा नियम लागू नसावा ना?

उत्तर : नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘विहिरीचा नदीशी काय संबंध? खुशाल उपसा.’ पुढच्या उन्हाळ्यात मोजपट्टी घेऊन गेलो, तर त्या विहिरीसमोरच्या डोहात घोटासुद्धा बुडेना. तेव्हापासून या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही.

कोरड्या दिवसांत नदीत वाहतं ते बहुतेक मुरलेलं पाणी. ते काठांतून हळूहळू पाझरत येतं. विहीर उपसली की नदीकडे निघालेलं हे पाणी वाटेतच अडतं. उपसा वाढला तर नदीच उलटी विहिरीकडे झिरपू लागते. चार्ल्स थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९४० मध्येच हे स्पष्ट मांडलं होतं. विहिरीतून काढलेलं पाणी आधी जमिनीतल्या साठ्यातून तुटतं, मग नदी-झऱ्यांतून. फरक फक्त वेळेचा. वाळू-गोट्यांच्या जमिनीत साठ मीटरवरचा परिणाम काही दिवसांत दिसतो, चिकणमातीत महिने लागतात. त्यामुळे नदी उतरल्यावर विहीर बंद करून भागत नाही, आधीचा उपसा मागाहून नदीला भोवतच राहतो. कागदावरचा नियम जागोजागी वेगळा असतो, परवाना नीट वाचा. इंग्लंडमध्ये दिवसाला २० घनमीटरपेक्षा जास्त पाणी घ्यायचं तर नदी असो की विहीर, सहसा परवाना लागतोच.

आता तुमचं चिमूटभर. वर्षाची बेरीज इथे फसवते, कारण तिच्यात पुराचं पाणी धरलेलं असतं. एक हेक्टरला २० मिलिमीटर पाण्याची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. सेकंदाला दहा लिटर देणाऱ्या पंपाला ते साडेपाच तासांचं काम. उन्हाळ्यात नदी सेकंदाला साठ लिटर वाहत असेल, तर तुमचा एकट्याचा वाटा सहावा हिस्सा. शेजारचे चार पंप त्याच सकाळी सुरू झाले की उरले दहा लिटर. उथळ पाणी लवकर तापतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. गार पाण्यातले मासे मरायला नदी कोरडी पडावी लागत नाही, ती अशी तापली तरी पुरे. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून पंपांचे वार वाटून घ्या. ठिबक केलंत तर उत्तम, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवायला घेऊ नका. बहुतेक जण घेतात, आणि नदीच्या वाट्याला काहीच येत नाही.

खरा मार्ग म्हणजे नदी भरून वाहत असताना पाणी उचलून तळ्यात साठवणं. त्यालाही परवानगी बघावी लागेल. मात्र कोरड्या काळानंतरचा पहिला लोंढा सोडून द्या. तळाचा गाळ तोच धुऊन नेतो, आणि कित्येक मासे त्याच इशाऱ्यावर अंडी घालायला वर चढतात. तळं पसरट नको, खोल हवं. हजार चौरस मीटरच्या तळ्यावरून दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तरी पाच हजार लिटर गेले.

तोवर एक करा. पंप चार दिवस बंद ठेवा. विहिरीच्या कठड्यावर आणि नदीकाठी रोवलेल्या खुंटीवर गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने एकाच पातळीची खूण करा. लांब नळी नसेल तर टप्प्याटप्प्याने पातळी पुढे न्या. पाचव्या दिवशी पंप सुरू करा आणि दोन्ही खुणांपासून पाणी किती खाली आहे ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. विहिरीचं पाणी नदीच्या खाली गेलं, तर नदी तुमच्याकडे झिरपते आहे असं धरा. आकडे पाठवा, मग तळ्याचं माप ठरवू.