डलहौसीनंतर 'मॉल' कुठून आला? स्कॉटिश उमराव घराण्यांच्या वंशावळी वाचताना

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. लॉर्ड डलहौसी 1860 मध्ये वारला, मुलगा नव्हता, तरी वंशावळीत त्याच्यानंतरचा अर्ल (हा उमरावांचा एक किताब) म्हणून 'फॉक्स मॉल' हे भलतंच आडनाव येतं, मग हा तक्ता चुकला का, की कुणी दत्तक घेतला? दुसरं, घराण्याची ढाल छापलेली पाटी मिळते, ती वंशाचा पुरावा म्हणून चालेल का? आणि डलहौसीच्या मुलींचं पुढे काय झालं?

तक्ता बरोबर आहे. दत्तक नाही. फॉक्स मॉल हा डलहौसीचा सख्खा चुलतभाऊ. आडनाव बदललं ते त्याच्या वडिलांनी, आणि तेही जमिनीपायी.

एक वही घ्या आणि पानाच्या वरच्या बाजूला लिहा: जॉर्ज रॅमझी, आठवा अर्ल ऑफ डलहौसी. त्याच्या मुलांपैकी सध्या तिघेच घ्या. थोरला जॉर्ज, तो नववा अर्ल. दुसरा विल्यम. धाकट्यांपैकी जॉन, जो पुढे सैन्यात जनरल झाला. आता आठव्या अर्लच्या आजोळाकडे या. आजोळचे लोक मॉल, त्यांची जहागीर पॅनम्यूरची. त्या घरातल्या अर्लने 1715 च्या जॅकोबाइट (गादीवरून दूर झालेल्या स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांच्या) बंडात राजाविरुद्ध तलवार उचलली, म्हणून किताब आणि जमीन दोन्ही जप्त झाले. किताब गेला तो गेला, पण जमीन मॉल घराण्याने 1764 मध्ये पुन्हा विकत घेतली आणि 1782 मध्ये ती या विल्यमच्या वाट्याला आली. थोरल्याकडे रॅमझींची गादी, धाकट्याकडे आजोळची जमीन. जमीन घ्यायची तर नावही घ्यायचं, हा तिथला रिवाज. विल्यम रॅमझीचा विल्यम मॉल झाला, 1831 मध्ये त्याला बॅरन पॅनम्यूर हा नवा किताब मिळाला आणि त्याचा मुलगा तो फॉक्स मॉल.

नवव्या अर्लचा मुलगा म्हणजे आपला गव्हर्नर जनरल. त्याचं पूर्ण नाव जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅमझी. त्यातलं 'ब्राउन' आईकडून आलं. ती कोल्स्टनच्या ब्राउनांची वारस होती. (या ब्राउनांकडे पिढ्यानपिढ्या एक जादूचं पेअर जपून ठेवलंय. ते शाबूत तोवर घराणं शाबूत, आणि एका सुनेने त्याला दात लावले तेव्हापासून उतरती कळा लागली, असं सांगतात. वंशावळीच्या दृष्टीने निरुपयोगी, पण मला फार आवडतं.)

1860 च्या डिसेंबरात डलहौसी वारला तेव्हा त्याच्या नावावर दोन मोठे किताब होते. मार्क्विसपद, म्हणजे अर्लच्या वरची पायरी, 1849 चं, त्याने स्वतः कमावलेलं. ते फक्त त्याच्या पोटच्या मुलग्यांकडे जाणार होतं, मुलगे नव्हते, म्हणून त्या दिवशी संपलं. अर्लपद 1633 चं, पणजोबा-खापरपणजोबांच्याही आधीचं. ते पुरुषवंशातल्या जवळच्या माणसाकडे गेलं, म्हणजे फॉक्स मॉलकडे. पुढच्या वर्षी त्याने नाव 'मॉल-रॅमझी' करून घेतलं. 1874 मध्ये तोही निपुत्रिक गेला. त्या दिवशी पॅनम्यूरचं बॅरनपद संपलं आणि अर्लपद जनरल जॉनच्या मुलाकडे, म्हणजे एका आरमारी अधिकाऱ्याकडे गेलं. तो बारावा अर्ल, आडनाव पुन्हा रॅमझी.

म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगतो की आडनावाचं बोट धरून चालू नका, किताबाची सनद बघा. प्रत्येक किताबाची सनद वेगळी, तीत वारस कोण याची अट वेगळी. एकाच माणसाच्या अंगावर चार किताब असतील तर तो मेल्यावर ते चार दिशांना जाऊ शकतात. आपल्याकडे पाटीलकी एका पातीकडे (घराण्याच्या शाखेकडे) आणि इनाम दुसऱ्या पातीकडे असं झालेलं ज्यांनी कागदांत पाहिलंय, त्यांना हे समजायला जड जाऊ नये.

दत्तकाचं तुम्ही विचारलंत ते स्वाभाविक आहे, कारण डलहौसी म्हटलं की आपल्याला दत्तकच आठवतो. साताऱ्याच्या शहाजीराजांनी शेवटच्या घटकेला घेतलेला दत्तक त्याने 1848 मध्ये मानला नाही, पुढे नागपूर आणि झाशीही खालसा झाली. मग त्याचंच मार्क्विसपद वारसाअभावी संपलं याला सूड वगैरे म्हणणारे भेटतात. मला त्यात दम वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये कायदेशीर दत्तक ही गोष्टच 1930 पर्यंत नव्हती, आणि उमरावाच्या किताबावर दत्तक मुलाचा हक्क आजही नाही. म्हणजे घरचा नियमही तसाच कडक. टोचतं ते वेगळंच. त्याच्या अर्लपदाला पोटचा मुलगा नसताना चुलतभाऊ चालला, सातारच्या गादीला दत्तक मुलगा चालला नाही.

आता अगदी हाच प्रकार, त्याच वर्षी, मुंबईच्या ओळखीच्या नावात. आपल्याकडे एल्फिन्स्टन दोन. माउंटस्टुअर्ट, 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे, तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. चौथा असल्याने तो स्वतः कधी लॉर्ड झाला नाही, त्याला 'लॉर्ड एल्फिन्स्टन' लिहिणं चूक. दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड, 1853 ते 1860 गव्हर्नर, हा माउंटस्टुअर्टचा पुतण्या. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आताचं हॉर्निमन सर्कल, त्याच्या नावाचं. तो अविवाहित होता आणि 1860 च्या जुलैत वारला. त्याला आदल्याच वर्षी मिळालेलं नवं बॅरनपद तिथेच बुडालं. 1510 चं जुनं स्कॉटिश लॉर्डपद मात्र चुलतभावाकडे गेलं, आणि त्याचं आडनाव काय, तर एल्फिन्स्टन-फ्लीमिंग. त्याचे वडील अकराव्या लॉर्डचे दुसरे मुलगे, आजीकडच्या फ्लीमिंगांची जमीन मिळाली म्हणून नाव घेतलेले. डलहौसीचा तक्ता बाजूला ठेवून बघा, साचा तोच.

जुने किताब टिकतात आणि नवे बुडतात, याला कारण आहे. 1707 मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं आणि स्कॉटलंडचे स्वतःचे नवे किताब निर्माण होणं थांबलं. त्यानंतरचे सगळे ग्रेट ब्रिटनचे, आणि 1801 पासून युनायटेड किंगडमचे. या नव्यांची अट बहुधा 'पोटच्या मुलग्यांकडे' अशी आखूड. जुन्या स्कॉटिश सनदा ऐसपैस असत. काहींत कोणताही पुरुष भाऊबंद चाले, काहींत मुलीही.

मुली चालतात का, हा तर वेगळाच रणसंग्राम. मारचं अर्लपद घ्या, स्कॉटलंडमधल्या सर्वात जुन्यांपैकी. मधल्या काळात ते राजाने गिळलं होतं, 1565 मध्ये स्कॉटलंडच्या राणी मेरीने ते अर्स्किन घराण्याला दिलं. 1866 मध्ये या घराण्याचा अर्ल निपुत्रिक वारला. तो मारचाही अर्ल होता आणि केलीचाही. केलीचं पद पुरुषवंशातल्या चुलत घराण्याकडे गेलं, त्यात वाद नव्हता. मारवर मात्र दोघांनी हात ठेवला, बहिणीच्या मुलाने आणि त्या चुलत घराण्याने. प्रश्न एकच होता: 1565 मध्ये मेरीने जुनं पद परत दिलं, की नवं निर्माण केलं? परत दिलं असेल तर ते बाईकडून पुढे जातं, नवं असेल तर नाही. 1875 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की ते नवं, म्हणून चुलत घराण्याचं. एवढा गदारोळ झाला की 1885 मध्ये संसदेला कायदाच करावा लागला: ते नवं पद चुलत घराण्याकडे राहील, पण जुनंही अस्तित्वात आहे आणि ते भाच्याचं! तेव्हापासून मारची अर्लपदं दोन. एक 'मार आणि केली'चं, दुसरं जुनं, जे बायकांकडेही जातं. जुन्याच्या काउंटेस मार्गारेट 2020 पर्यंत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत होत्या. तुमच्या तक्त्यात 'अर्ल ऑफ मार' दोनदा दिसला तर एक खोडू नका.

सदरलँडचंही तसंच फुटलं. 1963 मध्ये पाचवा ड्यूक निपुत्रिक गेला, ड्यूकपद दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे आणि जुनं अर्लपद पुतणीकडे.

रे रोड स्टेशनच्या नावामागचा लॉर्ड रे तर याहून गमतीचा. डोनाल्ड जेम्स मॅके, 1885 ते 1890 मुंबईचा गव्हर्नर, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या मॅके कुळीचा प्रमुख, आणि जन्म हेग शहरातला! दुसऱ्या लॉर्ड रेचा एक मुलगा डच सैन्याच्या स्कॉटिश पलटणीत गेला, त्याची पाती नेदरलँड्समध्येच रुजली. 1875 मध्ये थोरली पाती आटली आणि किताब समुद्र ओलांडून डच मॅकेंकडे गेला. तोवर रे घराण्याची मूळ जमीनही उरली नव्हती, ती 1829 मध्येच सदरलँडवाल्यांना विकली होती. आपला गव्हर्नर 1921 मध्ये निपुत्रिक वारला, त्याचं ब्रिटिश बॅरनपद बुडालं आणि स्कॉटिश लॉर्डपद पुन्हा एका डच चुलतभावाकडे.

याच्या उलट फॉकलंड. मुंबईच्या फॉकलंड रोडचा व्हायकाउंट फॉकलंड, किताब स्कॉटिश पण घराणं इंग्रज, आडनाव केरी. 1620 मध्ये राजाने एका इंग्रजाला स्कॉटिश किताब दिला, बस्स. त्याचे पूर्वज स्कॉटलंडमध्ये शोधू नका.

आता कागद. 1855 च्या 1 जानेवारीपासून स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधी चर्चच्या वह्या, त्यात भोकं फार. पण जमीनवाल्या घराण्यांसाठी त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे 'रिटूर'. जमिनीचा मालक मेला की स्थानिक पंच बसत, खरा वारस कोण ते ठरवत आणि तो निकाल राजाच्या कचेरीत परत पाठवत. आपला महजर (पंचांच्या निवाड्याचा कागद) डोळ्यांसमोर आणा, फक्त लॅटिनमधला. जोडीला 1617 पासूनची जमीन-ताब्याची नोंदवही. छापील गोष्टींत सर जेम्स बाल्फोर पॉल यांनी संपादित केलेले 'स्कॉट्स पीअरेज'चे 9 खंड, 1904 ते 1914 मधले, अजूनही पहिला आधार. तरी प्रत्येक विधानाखालची तळटीप बघा. मध्ययुगीन पिढ्यांत घराण्याने स्वतःच सांगितलेल्या कथाही शिरलेल्या असतात, आणि कुळाचा मूळपुरुष पराक्रमीच निघतो हे आपल्याला नवं नाही.

वाचताना दोन गोष्टी मदतीला येतात. एक, जुन्या स्कॉटिश कागदांत आणि थडग्यांवर लग्न झालेली बाई माहेरच्याच आडनावाने येते. इंग्लंडमध्ये जी बाई लग्नानंतर हरवते, ती इथे सापडते. मी सुरुवातीला एका घराण्यातली सासू आणि सून या दोन वेगळ्या पाहुण्या बायका समजून तक्त्याबाहेर ठेवल्या होत्या, महिनाभर. दोन, 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' म्हणजे शिक्षक नव्हे, तर लॉर्डचा पुढचा वारस. हसू नका, हे भाषांतर मी छापील पाहिलंय.

ढालीच्या पाटीबद्दल: पैसे वाचवा. स्कॉटलंडमध्ये आडनावाची ढाल अशी वस्तू नसते. ढाल एका माणसाची असते, एडिनबर्गचा लॉर्ड लायन हा अधिकारी ती देतो आणि 1672 च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदवहीत ती चढते. धाकट्या मुलालाही बापाची ढाल जशीच्या तशी लावता येत नाही, फरक करून घ्यावा लागतो. दुसऱ्याची ढाल वापरली तर तिथे खटला चालतो, त्यासाठी लॉर्ड लायनचं स्वतःचं कोर्ट आहे. पाटीवरून फार तर दुकानदाराचा वंश कळेल.

राहिल्या मुली. डलहौसीला दोन, सुसान आणि एडिथ. बाईकडून जाणारा किताब त्याच्याकडे नव्हता, म्हणून तक्ते इथे थांबतात आणि दोघींना एका ओळीत गुंडाळतात. सुसानचं लग्न रॉबर्ट बर्कशी झालं, जो पुढे लॉर्ड कॉनेमारा म्हणून मद्रासचा गव्हर्नर होता. एडिथचं लग्न 1859 मध्ये आयरशरमधल्या किलकेरनच्या जहागीरदाराशी झालं. तो सहावा बॅरोनेट, म्हणजे उमरावांच्या एक पायरी खालचा वंशपरंपरागत 'सर'. नवरा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर असताना 1871 मध्ये ती अ‍ॅडलेडला वारली. नवरा 1880 मध्ये मुंबईला गव्हर्नर म्हणून आला. त्याचं नाव सर जेम्स फर्ग्युसन. पुण्यातलं कॉलेज त्याच्याच नावाचं. मी त्या कॉलेजात शिकलो, आणि ते डलहौसीच्या जावयाच्या नावाचं आहे हे मला कळलं बाहेर पडल्यावर वीस वर्षांनी, किलकेरनच्या तक्त्यात 'लेडी एडिथ रॅमझी' दिसली तेव्हा.