डोंगर फोडला जातोय, वकील नक्की काय करू शकतो?

प्रश्न : ताई, आमच्या शेजारच्या डोंगरावर दोन वर्षं झाली दगडखाण आणि खडी क्रशर चालू आहे. सुरुंग लागला की घर हादरतं, भिंतींना तडे गेलेत, अंजिराच्या पानांवर धुळीचा थर असतो. तोंडी तक्रारी करून थकलो, मालक म्हणतो माझ्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. वकील लावला तर तो काय करेल? एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, जायचा खर्च झेपेल का?
– एक बागायतदार, पुणे जिल्हा

उत्तर : दादा, "सगळ्या परवानग्या आहेत" हे ऐकून गप्प बसू नका, कारण आमचं निम्मं काम त्या परवानग्या वाचायचंच असतं. खाणपट्ट्याचा आदेश, पर्यावरण मंजुरीचं पत्र, क्रशरसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागवायचं, मंजुरीचं पत्र बऱ्याचदा पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरही मिळतं. मग एकेक अट घेऊन बसायचं, सुरुंगाची वेळ काय दिलीय, पाणी मारायला सांगितलंय का, झाडं किती लावायची होती, संमतीपत्राची मुदत संपली तर नाही ना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा कुठल्या गटात किती क्षेत्राचा आहे आणि प्रत्यक्षात खोदलंय कुठवर, हे मोजणी नकाशा आणि गूगल अर्थवरचे जुने फोटो शेजारी ठेवून बघायचं. हद्दीबाहेर उत्खनन निघालं तर महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली तहसीलदार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतात, मशिनरी आणि वाहनंही जप्त होतात. खाण लहान आहे म्हणून पर्यावरण मंजुरी लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०१२ च्या दीपक कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही ती लागते असं सांगितलंय.

आता एनजीटी. तुमच्यासाठी पुण्याचंच खंडपीठ आहे, वकील असलाच पाहिजे असंही नाही, स्वतः उभं राहता येतं. नुकसानभरपाई मागणार नसाल तर अर्जाची फी १००० रुपये, मागणार असाल तर रकमेच्या १ टक्का, कमीत कमी १०००. पण फीपेक्षा मुदत बघा, मला खरी काळजी त्याची वाटते. मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर ३० दिवस, सबळ कारण असेल तर अजून ६०, त्यानंतर दार बंद. पर्यावरणाच्या इतर वादासाठी कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने आणि वर ६० दिवस. तुमची दोन वर्षं गेलीत, म्हणजे समोरचा वकील पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढणार. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी मात्र ५ वर्षं असतात, तो रस्ता तुम्हाला अजून मोकळा आहे, आणि संमतीपत्र संपूनही क्रशर चालू असेल तर त्याची तक्रार आजही मंडळाकडे करता येते.

म्हणून आजपासून एक करा, तोंडी बोलणं थांबवा. प्रत्येक तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तड्यांचे तारखेसह फोटो, तलाठ्यांचा पंचनामा, बागेबद्दल कृषी सहायकांचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव एवढं हातात असेल तर कुठलाही वकील केस नीट उभी करू शकेल. कागद नसतील तर कितीही मोठा वकील आणला तरी तो नुसता बोलत राहणार. आणि शेजारच्या गावांनाही सांगा, मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीकडे येते आणि ती ३० दिवस लावून ठेवावी लागते, तो कागद वेळेत वाचणारा एक जरी माणूस गावात असला तरी फार फरक पडतो.

प्रश्न : मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पर्यावरणाच्या केसेस करायच्या आहेत. आधी काय शिकू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी महसूल शिक गं. सगळ्यांना एनजीटीचे मोठे निकाल पाठ असतात पण सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा, प्रादेशिक योजनेतला झोन हे वाचता येत नाही आणि केस तिथेच अडते. एनजीटीकडे ठरावीक ७ कायद्यांचेच वाद जातात, हवा, पाणी, वन संवर्धन वगैरे. जमिनीच्या मालकीचं भांडण तिथे चालत नाही, डीपीतल्या, म्हणजे विकास आराखड्यातल्या, आरक्षणासाठी बहुतेक हायकोर्टात जावं लागतं. कुठली तक्रार कुठे न्यायची हे कळायलाच काही वर्षं जातात. एनजीटी कायद्याचं कलम २० मात्र आत्ताच नीट वाच, निर्णय देताना सावधगिरीचं तत्त्व लावायचं असं त्यात लिहिलंय, म्हणजे नुकसान होऊन जाईपर्यंत थांबायची गरज नाही. सुट्टीत घरच्या जमिनीचे जुने फेरफार काढ आणि प्रत्येक नोंद का झाली ते घरच्या मोठ्यांना विचारत बस.